पाच जणांची गाडी

पांढरी घ्यायची की निळी, यावर त्या घरात इतका काथ्याकूट झाला होता की पांढरीच्या डिकीत किती बॅगा मावतात हे शेजारच्या बाईंनाही तोंडपाठ होतं. दोन्ही गाड्या एकाच धाटणीच्या, हल्ली जिकडेतिकडे दिसतात त्या छोट्या एसयूव्ही. धड जीप नाही, धड मोटार नाही. जाहिरातीत त्या डोंगर चढायच्या, नद्या ओलांडायच्या. या घराला ना डोंगर चढायचा होता ना नदी ओलांडायची होती. सासूबाईंना गुडघे न दुखता आत चढता आलं म्हणजे पुष्कळ होतं.

आणि या सगळ्या खलबतांत ज्याच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन होतं तो होता घरजावई. तशी ती मोठी नवलाची गोष्ट, कारण एरवी त्या घरात पडद्याचा रंग कोणता असावा हेही त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तो डोळे तपासायचा. चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात मागच्या बाजूला अंधारी खोली होती, तिथे तो बसायचा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "ही बरी की ही? आता? आणि आता?" फार वेळ विचारत राहिलं की माणूस भंजाळतो. दोन्ही काचा त्याला सारख्याच दिसायला लागतात आणि मग तो खुर्चीतून सुटका व्हावी म्हणून तोंडाला येईल ते सांगतो. असं गिऱ्हाईक दिसलं की हा थांबायचा, त्याला डोळे मिटायला लावायचा, प्यायला पाणी द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

घरी मात्र हीच विद्या तो उलटी वापरत होता. घराचा कल पांढरीकडे झुकला की तो निळीचं काहीतरी चांगलं शोधून काढायचा. निळीवर एकमत व्हायला आलं की पांढरीची बाजू घ्यायचा.

"बाबा, निळीचं वळण लहान आहे," तो जेवताना सहज म्हणायचा. "आपल्या गल्लीच्या तोंडाशी पांढरी एका दमात वळणार नाही."

झालं. सासरे ताटावरून उठायचे ते टेप घेऊन गल्लीत. सासरे निवृत्त झालेले लिफ्ट-तपासनीस. आयुष्यभर त्यांनी लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं तपासली, आत किती माणसं चढली तर चालतील ते ठरवून पाट्या लावायला लावल्या. मोजमापाशिवाय त्यांचा देवावरही विश्वास बसला नसता. गल्ली मोजून ते परत यायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "बघा, हे आपल्या कुणाच्या ध्यानात आलं होतं? जावईबापू बारकाईने बघतात हो!"

जावईबापू खाली मान घालून भात कालवायचे.

कारण असं, की गाडी येईपर्यंतच तो मोकळा होता. एकदा ती दारात उभी राहिली की त्याचं सगळं संपणार होतं.

ज्या म्हाताऱ्या चष्मेवाल्याकडे तो मुळात काम शिकला, तो दूरच्या एका लहान गावात दुकान चालवत होता. आता त्याला थकवा आला होता, मूलबाळ नव्हतं, आणि दुकान चालवायला त्याला हाच शिष्य हवा होता. दुकानावर दोन खोल्या होत्या, त्यांना बाहेरून वेगळा जिना. सुट्टीच्या एका दिवशी कामाचं काहीतरी निमित्त सांगून हा तिथे जाऊन आला होता. दुकान त्याने धड बघितलंही नाही. तो वर गेला, रिकाम्या खोलीत शिरला, दार लावून आतून कडी घातली आणि नुसता उभा राहिला. बाहेरून कुणी दार वाजवलं नाही. कुणी "जावई, जरा येऊ का?" म्हणालं नाही. त्याला एकदम रडू आलं, आणि आपल्याला रडू का येतंय हेही त्याला लगेच कळलं.

सासरी त्याच्या खोलीला कडी नव्हती. असती तरी उपयोग नव्हता, कारण गॅलरीत जायची वाट त्या खोलीतूनच होती आणि गॅलरीत कपडे धुण्याचं मशीन होतं. सकाळी सासूबाई कपड्यांची बादली घेऊन यायच्या, मग मेहुणी आपला टॉवेल वाळत घालायला, मग सासरे हवा खायला. सगळे दारावर टकटक करून, "झोपा, झोपा, उठू नका" असं म्हणत त्याच्या पलंगाला वळसा घालून जायचे. लग्न झालं तेव्हा "खोली मिळेपर्यंत राहा की" असं ठरलं होतं. पुढे लेक झाली, शाळेत गेली, आता ती आईच्या खांद्याला लागली, आणि खोली काही मिळाली नाही. शोधायची असते हेसुद्धा सगळे विसरून गेले होते.

बरं, माणसं वाईट असती तर भांडून निघता आलं असतं. ती लाखात एक होती. त्याला ताप आला की सासूबाई उशाशी बसायच्या. सासरे चारचौघांत त्याचा उल्लेख "आमचा हिरा" असा करायचे. चांगल्या माणसांच्या तावडीतून सुटायला फार मोठा कोडगेपणा लागतो आणि तो त्याच्यापाशी औषधालाही नव्हता.

बायकोला त्याने सांगितलं होतं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, कपड्यांची घडी घालता घालता.

"तू बाबांशी बोल," ती म्हणाली.

"तुला काय वाटतं?"

"तू बोल आधी."

त्यापुढे तिने ताकास तूर लागू दिली नाही. हा मनाशी समजून बसला की तिला जायचं नाही. ज्या घरात जन्म गेला, जिथे आई-बाप डोळ्यांपुढे, ते सोडून ती कशाला येईल? आणि खरं सांगायचं तर तसं समजणं त्याच्या सोयीचंही होतं. बायकोचीच इच्छा नाही म्हटल्यावर आपण घाबरतो आहोत हे स्वतःशी कबूल करावं लागत नव्हतं.

बोलायचे प्रयत्न त्याने केले नाहीत असं नाही. एकदा चहाच्या वेळी तो धीर करून म्हणाला, "बाबा, तुमच्याशी एक महत्त्वाचं बोलायचं होतं."

"निळीच्या मागच्या सीटबद्दल ना?" सासरे खूश होऊन म्हणाले. "मला ठाऊकच होतं तुम्ही ते काढणार. मधे जो उंचवटा आहे तो पायाला लागतो."

"हो," तो म्हणाला. "लागतो खरा."

आणि मग मधल्या उंचवट्यावर पुढचे कितीतरी दिवस गेले.

पण भिजत घोंगडं तरी किती काळ भिजत ठेवणार? एका शनिवारी सासऱ्यांनी जाहीर केलं, "उद्या जायचं. सगळ्यांनी जायचं, दोन्ही गाड्यांत बसून बघायचं आणि जी आवडेल तिचं बुकिंग करूनच परतायचं. आता फाटे फोडायचे नाहीत." त्याच संध्याकाळी म्हाताऱ्या चष्मेवाल्याचाही फोन आला. "हे बघ, मला उद्यापर्यंत काय ते सांग. दुसरा एक जण मागे लागलाय. तू हो म्हण, नाहीतर नाही म्हण, पण मला लटकवू नकोस."

रविवारी सकाळी दाढी करताना त्याने आरशात बघून वाक्य म्हणून बघितलं. 'बाबा, आम्ही तिघं इथून जाणार आहोत.' वाक्य साधंच होतं. त्यात अडखळावं असा एक शब्द नव्हता.

गाडीला इतकं महत्त्व का, तेही सांगायला हवं. सासऱ्यांची एक जुनी गाडी होती. ती ते स्वतः चालवायचे आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. कुठे जायचं झालं की सासरे स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, मागे दोघी मुली आणि नात. गाडी पाच जणांची, बसणारे पाच जण, सगळं कसं छान जमून जायचं. जावई मागून स्कूटरवर यायचा, पायाशी पिशव्या घेऊन. ते कुणाला खटकायचं नाही. त्यालाही नाही. उलट पोचल्यावर "आले का जावई?" म्हणून सगळे त्याची वाट बघत थांबलेले असायचे.

मग जावयानेच एकदा सासऱ्यांचे डोळे तपासले. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, पण दोन्ही बाजूंचं हळूहळू विझत चाललं होतं आणि म्हाताऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, थेंब सुरू केले आणि घरी आल्यावर हलक्या आवाजात सांगितलं, "बाबा, आता गाडी नाही चालवायची." सासऱ्यांनी हुज्जत घातली नाही. त्यांनी गाडी विकली. नंतर म्हणाले, "आता नवी घेऊ. ती तुम्ही चालवा."

घरात दुसरं कुणी चालवणारं नव्हतं. बायकोला एकदा सासऱ्यांनी शिकवायला घेतलं होतं. ते इतके ओरडले की तिने गाडी सरळ फाटकावर घातली आणि पुन्हा किल्लीला हात लावला नाही. मेहुणी दातांची डॉक्टर. ती लोकांच्या जबड्यात बिनधास्त सुई खुपसायची, पण रस्ता ओलांडताना तिची गाळण उडायची. म्हणजे नवी गाडी आली की चालवणारा हाच. गुडघ्यांच्या व्यायामाला सासूबाईंना, डोळ्यांच्या दवाखान्यात सासऱ्यांना, आणि दातांच्या दवाखान्यातून मेहुणीला आणायला. सगळ्यांची वेळापत्रकं मनातल्या मनात ठरून गेली होती. इतक्या हौसेने घेतलेली गाडी दारात धूळ खात सोडून, तीही चालवता न येणाऱ्या माणसांच्या दारात, तो कोणत्या तोंडाने निघणार होता? बोलायचं तर बुकिंगच्या आधी. नंतर बोलण्यात अर्थ नव्हता.

दोन शोरूम एकाच रस्त्यावर, समोरासमोर होते. घरचे पाच जण मोठ्या टॅक्सीने निघाले. तो स्कूटरवर मागून गेला, सवयीने.

आधी निळी. शोरूमची फरशी इतकी चकाकत होती की सासूबाई चपला काढायच्या बेतात होत्या. निळा कोट घातलेली एक तरतरीत विक्रेती पुढे आली आणि तिने चारी दारं उघडली.

"या काकू, बसून बघा ना. काका, तुम्हीपण."

सासरे गाडीच्या पुढून वळसा घालून गेले, क्षणभर घुटमळले आणि स्टिअरिंगपुढे बसले. कुणी त्यांना अडवलं नाही. त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले, आरसा सरळ केला. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर तसं तेज आलं होतं. सासूबाई शेजारी बसल्या. मागे एका खिडकीशी मेहुणी, मधे लेक, दुसऱ्या खिडकीशी बायको. दारं लागली. जावई बाहेर उभा होता, सासूबाईंची पर्स, मेहुणीची पाण्याची बाटली आणि लेकीचं जॅकेट घेऊन.

"बसलो की सगळे!" सासरे म्हणाले. "कुणाला अडचण? मागे खांद्याला खांदा लागतोय का?"

"नाही बाबा, ऐसपैस आहे," मेहुणी म्हणाली.

"उंचवटासुद्धा लागत नाहीये आजोबा," लेक म्हणाली.

"पाच जण अगदी मापात," सासऱ्यांनी निर्वाळा दिला.

विक्रेतीने बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं, आणि मग त्याच्या हातातल्या पर्सकडे. "आणि हे सर?"

"ते चालवणार आहेत," सासरे अभिमानाने म्हणाले.

"हो का? छान." विक्रेती हसली. "पण कुठे बसून?"

क्षणभर गाडीत कुणाला काही कळलंच नाही. मग सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! जावई राहिलेच की!"

आणि सगळे फुटलेच. मेहुणी पोट धरून हसली. लेक म्हणाली, "आपण सहा आहोत! आजोबा, आपण सहा जण आहोत!" सासरे डोळे पुसत म्हणाले, "आणि आयुष्यभर मी लिफ्टमध्ये माणसं मोजली! कुणाला सांगू नका रे." इतके दिवस दोन गाड्यांचं इंच न् इंच मोजलं होतं, सीटच्या शिवणीसुद्धा तपासल्या होत्या, आणि बसणारी डोकी मोजायची राहिली होती. मनात प्रत्येक जण आपापल्या जुन्या जागेवर बसलेला होता. जावई मनात होता तो स्कूटरवर, मागून येणारा.

तोही हसला. चांगलं खळखळून हसला. पण हसता हसता त्याला एक उमगलं. गंमत अशी, की त्याने स्वतःही स्वतःला मोजलं नव्हतं. दोन्ही गाड्यांचा इतका कीस पाडला त्याने, मधल्या उंचवट्यावरून एवढी चर्चा घडवली, पण त्या सीटवर आपण कुठे असू असा विचार एकदाही त्याच्या डोक्यात आला नव्हता. दुसऱ्यांनी विसरावं हे एक झालं. आपणच आपल्याला विसरलो याचं काय करायचं?

"मग त्यात काय मोठंसं," बाहेर येत सासरे म्हणाले. "सगळ्यांनी एकदम जायलाच हवं असं कुठे आहे? एखाद्या वेळी मी घरी राहीन. गाडी तुमचीच आहे हो, आम्ही आपले उतारू."

त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात उबदार होता आणि अगदी मनापासून ठेवलेला होता. त्याला वाटलं, तो झटकून टाकावा आणि पळत सुटावं.

रस्ता ओलांडून सगळे समोर गेले. मेहुणीने नेहमीप्रमाणे बहिणीचा दंड घट्ट धरला. पांढरीच्या शोरूममध्ये गाणी मोठ्याने लावलेली होती. इथला विक्रेता उंच, किडकिडीत आणि भलताच उत्साही होता. त्याने सासूबाईंना दाराशी आणलं. त्या न वाकता, न कण्हता एका पावलात आत बसल्या आणि "हुश्श" म्हणाल्या. त्या एका "हुश्श"ने निळीचा निकाल जवळजवळ लागल्यातच जमा होता.

आणि बघता बघता सगळे पुन्हा तसेच बसले. सासरे स्टिअरिंगपुढे, शेजारी सासूबाई, मागे मेहुणी, लेक आणि त्याच्या बाजूच्या खिडकीशी बायको. आत्ताच तर त्यावर हसून झालं होतं! तरी कुणालाही वाटलं नाही की या खेपेला त्याला बसवावं. तो बाहेर उभा होता. पर्स, बाटली आणि जॅकेट अजून त्याच्याच हातात होतं.

"आता या गाडीची खरी गंमत दाखवतो," विक्रेता म्हणाला. "काका, सगळ्या काचा वर घ्या. दारं घट्ट लावा. मी तिकडे त्या गाडीचा हॉर्न वाजवतो. बघा आत काही ऐकू येतं का!"

काचा वर गेल्या. दारं धप्प धप्प लागली. विक्रेता शोरूमच्या दुसऱ्या टोकाला धावत गेला. आत पाच जण कान देऊन, ओठ मिटून बसले. हॉर्न सुरू झाला. बाहेर कानठळ्या बसायची वेळ आली. आत सासूबाई मान डोलावू लागल्या, लेकीने आजोबांना टाळी दिली.

तो सासऱ्यांच्या काचेजवळ गेला. हातातल्या वस्तू त्याने गाडीच्या टपावर ठेवल्या.

"बाबा, आम्ही जाणार आहोत," तो म्हणाला. हॉर्नच्या आवाजात त्याला स्वतःचाच आवाज नीट ऐकू येईना, म्हणून तो ओरडला. "आम्ही तिघं! मला दुकान मिळतंय. वर दोन खोल्या आहेत. तुम्ही माझं काही वाईट केलं नाही, कुणीच केलं नाही, पण तुमच्या घरात माझा जीव घुसमटतो! रोज घुसमटतो! मला माझं दार हवंय. आतून लावता येईल असं. ही गाडी नका घेऊ, बाबा! नका घेऊ!"

काचा बंद आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. बंद नसत्या तर तो बोलला असता का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण बोलून झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य आरसा सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडासमोर उच्चारलं गेलं होतं. त्याला एकदम हलकं वाटत होतं.

हॉर्न थांबला. सासऱ्यांनी हसऱ्या चेहऱ्याने बटण दाबलं आणि काच सरसर खाली आली.

"काय म्हणत होतात, जावईबापू? आत एक अक्षर ऐकू येत नाही हो! कमाल आहे गाडीची."

त्यांनी मान पूर्ण वळवली होती. बाजूचं दिसत नाही म्हणून हल्ली त्यांना अशी अख्खी मान वळवावी लागायची. थेंबांनी लाल झालेले डोळे त्याच्याकडे लागले होते. ते डोळे त्याने इतक्यांदा उजेडात धरून बघितले होते की त्यांतली शीर न् शीर त्याच्या ओळखीची होती. सासूबाईही वाकून बघत होत्या. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि एकाच्याही चेहऱ्यावर माया सोडून दुसरं काही नव्हतं.

त्याने तोंड उघडलं.

"काही नाही," तो म्हणाला. "म्हटलं, पांढरी बरी."

"झालं तर!" सासरे ओरडले. "पांढरी! ऐकलंत का? निकाल लागला!"

त्यानंतर सगळं भराभर झालं. विक्रेत्याने टेबलाशी बसवलं, गार पाणी आणलं, गाडी कुणाच्या नावाने करायची ते विचारलं. "यांच्या," सासरे म्हणाले. "यांनी वेळेवर तपासलं म्हणून माझे डोळे एवढे तरी राहिले. आता पुढचं जे काही बघायचं ते यांच्याच डोळ्यांनी." आणि तो ताठ कण्याचा म्हातारा, लिफ्टचा दोर तुटला तरी ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नसती, तो त्या परक्या माणसासमोर रडायला लागला. सासूबाईंनी पदर पुढे केला. त्यानंतर तोंडातून ब्र काढणं शक्य नव्हतं. जिथे दाखवलं तिथे त्याने सही केली.

बाहेर आल्यावर मोठी टॅक्सी थांबवली. सगळे आत चढायला लागले तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही चला. मी स्कूटरवर येते."

"अगं, आत जागा आहे ना," सासूबाई म्हणाल्या.

"असू दे."

ती त्याच्या मागे बसली. लेक लहान असताना ती कधीमधी अशी बसायची. पुढे टॅक्सी, मागे स्कूटर. तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, पडू नये म्हणून धरतात तेवढाच.

"संध्याकाळी म्हाताऱ्याला फोन करायचाय," तो म्हणाला. "नाही म्हणून सांगतो."

"हो."

"तुला तसंही यायचं नव्हतंच."

पुढे सिग्नल लाल झाला. टॅक्सी थांबली, तिच्यामागे त्याने स्कूटर थांबवली.

"काचा वर होत्या तेव्हा तू जे म्हणालास ना," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "ते मला कळलं."

त्याने मान वळवली. "ऐकू आलं तुला?"

"ऐकू काही नाही आलं. पण दुसरं काय असणार? एवढा जीव तोडून बोलताना मी तुला कधी बघितलं नव्हतं. हॉर्न थांबला तसा मी माझ्या बाजूच्या दाराचा खटका ओढला. दार सुटलं होतं, बोटभर. बाबांनी काच खाली घेतली तेव्हा म्हटलं, आता तू परत म्हणशील. तू म्हणालास की उतरायचं आणि तुझ्या शेजारी येऊन उभं राहायचं. पुढचं मग मी बोलले असते बाबांशी."

तो समोर बघत राहिला. टॅक्सीच्या मागच्या काचेतून लेक हात हलवत होती.

"मग तू पांढरी म्हणालास," ती म्हणाली. "मी दार परत ओढून घेतलं. हळूच, आवाज न करता. बाबांना कळायला नको म्हणून."

सिग्नल हिरवा झाला. मागची वाहनं हॉर्न वाजवायला लागली. पुढच्या टॅक्सीतून सासऱ्यांनी हात बाहेर काढून 'या, या' अशी खूण केली आणि त्याने स्कूटर त्यांच्या मागे घेतली.